तू कुठली?

टी. वाय.ला असताना इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी एक प्रश्नावली तयार केली होती. 22 प्रश्न. पहिलाच असा: 'तुमचे पूर्वज भारतात कधी आणि कुठून आले?' फुलस्केप कागदावर निळ्या शाईत लिहिलेला, खाली दोन रेघा मारलेल्या. ठाण्याच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या एका आजींपुढे बसून मी तो मोठ्यानं वाचला. आजी मोड आलेले वाल सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तू कुठली गं?"

"अलिबागची."

"अलिबागात कुठली?"

मी गावाचं नाव सांगितलं. आजींचा हात थांबला. त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि आत सुनेला हाक मारून म्हणाल्या, "अगं, ही आपल्या गावची. माझ्या माहेरच्या आडनावाची!"

आमच्याकडे आडनावं गावावरून पडतात. त्यामुळे एकाच गावातल्या हिंदूचं, मुसलमानाचं आणि बेने इस्राएलाचं आडनाव एकच निघतं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. हे सगळं मी टिपणांच्या कार्डांवर व्यवस्थित उतरवून घेतलं होतं. त्या यादीत माझं स्वतःचं आडनावही होतं, आणि तरीही ती यादी 'त्यांची' म्हणूनच मी लिहिली होती.

"मग आधी तू सांग," आजी म्हणाल्या, "तुमची माणसं गावात कुठून आली?"

टोचून नाही, अगदी सहज विचारलं त्यांनी. मला उत्तर देता येईना. पणजोबांच्या पलीकडचं आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायला हवं असं कुणाला कधी वाटलंही नाही. आम्हाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आजींच्या माणसांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या जो भेटेल तो हेच विचारत आला होता, आणि त्या रांगेत आता मी येऊन बसले होते.

ज्यूंच्या इतिहासाकडे मी वळले ती एस. वाय.च्या वर्षी. तोवर ज्यू म्हटलं की मला शाळेच्या पुस्तकातला हिटलरचा धडा आठवायचा, छळछावण्यांचे फोटो आठवायचे, आणि बातम्यांमधला इस्रायल. आम्हाला आधुनिक युरोप शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "ही माणसं मेली कशी ते तुम्हाला माहीत आहे. या वर्षी ती जगली कशी ते वाचा." आणि त्यांनी फळ्यावर तालमूद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं एक पान काढलं.

मधोमध एक चौकोन. त्यात मिश्ना, म्हणजे मूळ नियम, आणि त्याखाली गमारा, म्हणजे त्यावरची चर्चा. पानाच्या शिवणीकडच्या बाजूला राशी या अकराव्या शतकातल्या फ्रेंच पंडिताची टीका, म्हणजे भाष्य. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीच्या नातवंडांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घातलेली भर. आणि गंमत अशी की नातवंडं जागोजाग आजोबांना खोडून काढतात. 1520 ते 1523 या काळात व्हेनिसमध्ये डॅनिएल बोमबर्ग नावाच्या ख्रिस्ती मुद्रकानं तालमूद पहिल्यांदा पूर्ण छापलं, आणि पानाची ही मांडणी तेव्हापासून कायम झाली. आजोबांचं म्हणणं आणि नातवाचं 'मला पटत नाही' हे दोन्ही एकाच पानावर, समोरासमोर, तितक्याच मानानं छापलेलं. मी ते पान वहीत उतरवून घेतलं आणि त्या रात्री बराच वेळ त्याकडे बघत बसले. पुढे पुण्याला भांडारकर संस्थेत त्रिपाठी पोथ्या पाहिल्या, मधल्या पट्ट्यात मूळ आणि वर-खाली टीका, तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते हेच पान.

त्या वर्षी मी खूप वाचलं, मिळेल ते वाचलं. त्यातलं जे कायमचं रुतून बसलं ते वॉर्सातलं. 1940 साली जर्मनांनी वॉर्साच्या ज्यू वस्तीला भिंत घालून ती बंद केली. आत इमानुएल रिंगेलब्लूम नावाचा एक इतिहासकार होता. त्यानं माणसं जमवली, आणि गुपचूप एक दफ्तर उभं करायला घेतलं. मंडळी शनिवारी भेटायची, म्हणून त्या कामाला त्यांनी 'ओनेग शाबेस' असं सांकेतिक नाव दिलं. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद. काय जमवलं त्यांनी? रोजनिशा, शिधापत्रिका, पत्रं, मुलांचे निबंध. ट्रामची तिकिटं आणि गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा. उपाशी माणसं चॉकलेटचा कागद इतिहासासाठी जपून ठेवत होती. हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. एक भाग 1946 मध्ये सापडला, दुसरा 1950 मध्ये. रिंगेलब्लूमना 1944 साली गोळ्या घातल्या. मोजके दोन-तीन सोडले तर त्या गटातलं कुणी वाचलं नाही. पण आज वॉर्सातल्या त्या वस्तीबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं कितीतरी मारणाऱ्यांच्या नोंदींतून आलेलं नाही, जगणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे.

मी इतिहास शिकत होते ती स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून. घरच्यांचीही तीच समजूत होती. दुधाच्या कॅनची ती गोष्ट वाचल्यावर मात्र मला पहिल्यांदा वाटलं की हे काम माणूस जीव टाकून करू शकतो. आपल्याकडे राजवाडे गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, कसर लागलेल्या रुमालांतून कागद गोळा करत हिंडले, ते माहीत होतंच. पण राजवाडे आपले होते, त्यांची थोरवी आयती मिळालेली. ती मला खरी कळली ती वॉर्साकडून परत येताना.

मॅडमनीच एकदा मायमोनिदीसचं एक पत्र दाखवलं. बाराव्या शतकाच्या शेवटी, कैरोत बसून, या थोर ज्यू पंडितानं दक्षिण फ्रान्समधल्या लुनेलच्या विद्वानांना लिहिलेलं. त्यात ओझरता उल्लेख आहे: हिंदुस्थानातल्या ज्यूंना लिखित धर्मशास्त्र ठाऊक नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच. मायमोनिदीसचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असताना हिंदी महासागरातच बुडाला होता, आणि त्या दुःखानं हा माणूस वर्षभर अंथरुणाला खिळला होता. त्यानं ज्यांच्याबद्दल ही ओळ लिहिली ते नेमके कोण, कुठल्या किनाऱ्यावरचे, हे ठामपणे सांगता येत नाही. पण 'शब्बाथ पाळतात' हे वाचताना माझ्या कानात आमच्या आजीचा आवाज आला. आमची आजी बेने इस्राएलांना 'शनवार तेली' म्हणायची. तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी घाणा न जुंपणारे. अलिबागच्या इस्राएल आळीतून मी शाळेत जाता-येता शेकडो वेळा गेले होते. तिथलं मागेन आबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मला फक्त 'शाळेच्या वाटेवरची निळसर इमारत' म्हणून माहीत होतं. प्रकल्पाचा विषय त्याच क्षणी ठरला.

आजींकडे मी त्या वर्षी सात-आठदा गेले. दुसऱ्या खेपेपासून प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

त्यांनी मला सण सांगितले. वर्गात मी हिब्रू नावं पाठ केली होती, रोश हशाना, योम किप्पूर, पुरीम, तिशा बआव. आजींच्या आजेसासूबाईंच्या तोंडी ही नावं नव्हतीच. त्या म्हणायच्या नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. दारफळणी म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घेण्याचा दिवस: पांढरे कपडे, कडक उपास, दिवसभर कुणाकडे जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, देवाशी काय ते बोलायचं. पुरीम आपल्या शिमग्याच्या आसपास येतो म्हणून तो होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या सुतकाचा दिवस हा बिरड्याचा सण, कारण त्या दिवसांत घरात मांस-मासळी बंद आणि जेवायला वालाचं बिरडं. पहिल्या भेटीत आजी वाल सोलत होत्या त्या याचसाठी.

मी हे ऐकत होते आणि मला माझ्याच स्वयंपाकघराचा वास येत होता. बिरडं आमच्याकडचं रोजचं. भिजवायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत दाबून सोलायचा. अख्खी दुपार जाते. आणि इथे माझ्या गावची एक बाई तीच दुपार, तेच दाणे, दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या एका देवळाच्या शोकात सोलत होती. भिंतीपलीकडच्या घरात हे चाललंय हे आमच्या आळीत कुणाला माहीत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी एकदा मी थांबले. आजींनी काळ्या मनुका सकाळपासून भिजत घातल्या होत्या. त्या हातानं कुस्करून, फडक्यातून गाळून त्यांनी सरबत केलं, कारण किद्दूशला, म्हणजे शब्बाथ सुरू करतानाच्या प्रार्थनेला, द्राक्षाचा रस हवा आणि कोशेर, म्हणजे धर्मनियमात बसणारी, वाइन इथं कुठून आणायची? मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, कारण दूधदुभतं मांसाबरोबर चालत नाही. हा नियम सिनाय पर्वतावरून आला असेल. तो पाळायची सोय मात्र आमच्या परसातल्या माडानं करून दिली. दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, ठोकलेली. बाहेर पडताना आजी तिला बोटं लावून ओठांना लावायच्या, देवळातून निघताना आपण उंबऱ्याला लावतो तशी.

नवस फेडायचा असेल, नवं घर घेतलं असेल, लग्न ठरलं असेल तर मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, आणि हे सगळं एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या, नावानं. अलिबागजवळ एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे, तिथून तो स्वर्गात गेला असं मानतात. एलियाहू जगभरच्या ज्यूंचा आहे. पण पोह्यांवर प्रसन्न होणारा एलियाहू फक्त आपल्या किनाऱ्यावर आहे, आणि मला याचा फार अभिमान वाटतो.

या समाजाची मराठी मी प्रकल्पात एका प्रकरणात बसवली. खरं तर सगळा प्रकल्प तिच्यावरच व्हायला हवा होता. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्यानं त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. हेतू अर्थातच धर्मांतराचा. मंडळी हिब्रू शिकली आणि बहुतांशी ज्यूच राहिली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तनाचं मंडळ काढलं आणि अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी, दिंडी, आर्या, ओव्यांत गायला घेतली. आजींच्या घरी अशी एक वही होती, सासऱ्यांच्या हातची. योसेफला भाऊ विहिरीत टाकतात तिथे समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'येथे सावकाश.' कीर्तन करणाऱ्यानं स्वतःसाठी केलेली खूण. ते दोन शब्द वाचून मला रडू आलं. अजूनही नीट सांगता येत नाही का ते.

आणि हग्गादा. पेसाखच्या रात्री घरात बसून वाचायचं पुस्तक, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याची कथा. मराठीतली पहिली 1846 सालची, मुंबईची. दुसरी 1874 सालची, पुण्याची, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाप्रेसवर छापलेली. तिची पुनर्मुद्रित प्रत मॅडमनी कुठून तरी मिळवून दिली. एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. बरीचशी चित्रं सतराव्या शतकातल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या हग्गादेवरून घेतलेली, पण बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र पाहिलं की कळतं हात कुणाचा आहे: साड्या नेसलेल्या, उकिडव्या बसलेल्या, आपल्या ओसरीवर पापड लाटायला बसतात तशा. पुण्यात एका अग्निहोत्र्याच्या छापखान्यात मिसरमधून सुटकेची कथा छापली जात होती, त्या शाईच्या वासाची कल्पना करत मी ते पान कितीदा उघडलं असेल.

पेसाखच्या रात्री घरातलं सगळ्यात धाकटं पोर विचारतं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? सगळी कथा त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगितली जाते. प्रश्न विचारण्याचा इतका मान राखणाऱ्या परंपरेपुढे माझ्या पहिल्या प्रश्नाचं काय चुकलं, हे मला तेव्हापासून छळत आलंय.

आजी सांगत होत्या त्या कथेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मोठ्या उंचवट्यांखाली पुरलं. पुढे कधीतरी दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला. हे खरंच आपले का, हे बघायला त्यानं बायकांना मिश्र मासळी आणून दिली. त्यांनी पंख आणि खवले असलेले, म्हणजे ज्यू धर्मात चालणारे, मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. पटली ओळख. ही गोष्ट लहान मुलांना कौतुकानं सांगितली जाते, पण ती परीक्षेची गोष्ट आहे. नंतर मिशनरी आले, त्यांनी हाडापेराचं मोजमाप काढल्यासारखे प्रश्न विचारले. आजींचे थोरले भाऊ इस्रायलला गेले. तिथे 1962 मध्ये मुख्य रब्बींनी, म्हणजे मुख्य धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावताना पूर्वजांची मागे जाता येईल तितकी चौकशी करा. आपल्या देशात आलो म्हणणाऱ्या माणसांना पुन्हा तोच मासळीचा ढीग समोर. 1964 मध्ये ही मंडळी जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, आजींचे भाऊ त्यांत होते, आणि शेवटी सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत. 2016 मध्ये जनुकीय अभ्यासही प्रसिद्ध झाला: रक्तात मध्यपूर्वेतले ज्यू पूर्वज आहेत आणि इथलेही आहेत. आजींना वर्तमानपत्रातलं ते कात्रण कुणीतरी पाठवलं होतं. त्यांनी ते वाचून घडी घालून ठेवून दिलं.

आपण इकडे अभिमानानं सांगतो की भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे, आणि अभिमान वाटावा असंच आहे. डॉ. ई. मोझेस 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो. पण आपण त्यांना जागा दिली ती जातीच्या उतरंडीत एक खण करून. 'शनवार तेली' या नावात कौतुक नव्हतं, हिशेब होता. आणि तो हिशेब त्यांच्यातही झिरपला. आजींनीच सांगितलं, मी न विचारता: आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते, एकमेकांत सोयरीक होत नसे. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. प्रकल्पात हे लिहू का, असं मी विचारलं. "लिही," म्हणाल्या, "खोटं कशाला लिहायचं?"

प्रकल्प 84 पानांचा झाला. मार्क बरे पडले. परिशिष्टात प्रश्नावली जोडणं सक्तीचं होतं, म्हणून मी ती पुन्हा लिहिली. नव्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, 'तुमच्या घरी दारफळणीच्या आदल्या दिवशी काय काय तयारी असते?' पूर्वजांचा प्रश्न शेवटी ठेवला, आणि त्यापुढे लिहिलं, 'सांगावंसं वाटल्यास.' तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे शास्त्रीय पद्धतीत बसतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मी त्यांच्या घरी जेवले आहे.

आजी आता इस्रायलमधल्या अश्दोदला असतात, नातवाकडे. गुडघ्यांमुळे फार हिंडता येत नाही. इस्रायलमधून निघणारं 'मायबोली' हे मराठी नियतकालिक त्या वाचतात, आणि कुणी इकडे येणारं असलं की माझ्यासाठी जुने अंक पाठवतात. मार्चमध्ये त्यांचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पणतीला मराठी समजतं पण बोलत नाही म्हणाल्या. मग विचारलं, "गावाला वाल झाले का गं यंदा?"

झाले होते. दोन किलो कडवे वाल मी निवडून, ऊन दाखवून, फडक्यात बांधून ठेवलेत. ठाण्याहून एकजण जूनमध्ये जायचे आहेत, त्यांच्या सामानात जागा आहे का ते विचारायचंय. बिरड्याचा सण यंदा जुलैत येतो.